दोन हजेरीपट आणि एक प्रतीक्षा यादी

तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रतीक्षा यादीत नाव असलेल्या आणि सोबत नोकरी करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपल्या, पहिल्या पसंतीचं कॉलेज हुकलं. आता संस्थास्तरावरच्या फेरीत दोन-तीन कॉलेजांच्या यादीत तुमचा नंबर अकरावा नाहीतर सव्विसावा लागला आहे. फोन येईल किंवा येणारही नाही. येतो तेव्हा तो बहुधा असा असतो: "उद्या दुपारी चारपर्यंत मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन या, नाहीतर पुढच्याला बोलावतो." तुम्ही त्या वेळी बँकेच्या काउंटरवर असता, क्लायंटच्या कॉलवर असता किंवा समोर टपालाचा ढीग असतो. हातात एक दिवस असतो, त्यातही रात्र मोजायची. त्या एका दिवसात घेतलेला निर्णय तीन वर्षं निस्तरावा लागतो, म्हणून हे पत्र फोन येण्याआधी वाचा. आम्ही प्रवेशाच्या हंगामात अर्ज तपासून देण्याचं आणि कागद लावून देण्याचं काम करतो. गाडी कुठे अडते हे त्यामुळे पाठ झालं आहे.

गाडी अडते ती गुणांवर नाही. कॉलेज चांगलं की साधारण, यावरही फारशी अडत नाही. ती अडते तासांवर. सकाळी सव्वादहाला तुम्ही कुठे असणार, या प्रश्नाचं उत्तर दोन हजेरीपटांवर दोन वेगळ्या प्रकारे लिहिलं जाणार असेल, तर मिळालेली सीट पुढे गळ्यात पडते.

आधी नियम पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं एक सत्र किमान १५ आठवड्यांचं असतं. आठवड्याला किमान ३० तास वर्ग, त्यातली किमान २४ तास व्याख्यानं आणि उरलेले ट्युटोरियल, मूट (सरावासाठीचा नकली खटला), चर्चासत्रं. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात ६५ टक्क्यांवर प्राचार्य परवानगी देऊ शकतात, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० टक्के भरलेलेच लागतात. ही दुसरी अट प्रवेशाच्या रांगेत कोणी सांगत नाही. "पासष्टला चालतं" एवढंच कानावर येतं.

आता हिशेब मांडा. आठवड्याला २४ व्याख्यानं म्हणजे सोमवार ते शनिवार रोज चार. सकाळचं कॉलेज धरू, आठ ते बारा. तुम्ही राज्य शासनाच्या कार्यालयात आहात. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यावर कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा झाली. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तुम्हाला रोज एकच तास पूर्ण बसता येतो. नऊचा तास अर्धवट सोडून पळालात तर तो हजेरीत धरत नाहीत. पाच दिवसांचे पाच आणि शनिवारचे चार मिळून नऊ झाले. चोवीसपैकी नऊ म्हणजे साडेसदतीस टक्के. सत्तर टक्क्यांसाठी आठवड्याला सतरा तास लागतात. उरलेले आठ तास कुठून आणणार, याचं उत्तर "बघू, जमवू" असं असेल तर ते कागदावर मांडून पाहा. पंधरा आठवड्यांचे १२० तास होतात, आणि किरकोळ रजा वर्षाला आठ दिवसांची.

खासगी नोकरीत थोडी मोकळीक असते, पण प्रत्येक ठिकाणी नाही. दुपारी साडेबाराला काम सुरू करायची मुभा मिळाली आणि ऑफिस तासाभराच्या अंतरात असलं तर गणित सरळ सुटतं. फिरती पाळी असेल तर कागद-पेन घ्याच. कारखान्यात आठवड्याला पाळी बदलते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात कॉलेज पूर्ण बुडतं, दुसरीच्या आठवड्यात पूर्ण मिळतं. तिसरीच्या आठवड्यात सकाळी सातला सुटून आठच्या तासाला डोळे ओढत जाता येतं, असं धरू. तीनपैकी दोन आठवडे म्हणजे ६६.७ टक्के. पासष्टच्या वर आणि सत्तरच्या खाली, नेमकं त्या फटीत. सगळ्याच विषयांत सहासष्ट असेल तर सर्व विषय मिळूनही सहासष्टच होणार आणि सवलतीचा दरवाजा बंद. एका आठवड्याची पहिली पाळी सहकाऱ्याशी बदलून घेता आली तरच हे तरतं, आणि अशी अदलाबदल पंधरा आठवड्यांत किमान एकदा-दोनदा तरी करावी लागेल.

हजेरी विषयवार मोजतात, इकडेही दुर्लक्ष होतं. एखाद्या विषयाचे आठवड्याला चार तास, म्हणजे सत्राला साठ. सत्तर टक्क्यांना ४२ हवेत, अठरा बुडवता येतात. तुमची सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला ठरलेली मीटिंग आहे आणि वेळापत्रकात करारकायद्याचे चारपैकी दोन तास नेमके त्याच दिवशी दहाला आहेत. मग बाकी सगळीकडे तुम्ही नव्वद टक्के असलात तरी करारकायद्यात पन्नासच. म्हणून नुसती "वेळ काय?" अशी चौकशी पुरत नाही. पूर्ण वेळापत्रक हवं, विषय आणि वारासकट. मागच्या वर्षीचं मिळालं तरी चालेल, बहुतेक कॉलेजांत दोन-चार तासांचाच फरक पडतो. कार्यालयाबाहेरच्या फलकावर ते लावलेलं असतं, मोबाईलवर फोटो काढून आणा.

प्रतीक्षा यादीतून येणाऱ्याला यात एक जादा फटका बसतो. वर्ग आधीच सुरू झालेले असतात. समजा तुम्ही तीन आठवडे उशिरा आलात. त्या साठपैकी बारा तास तुमच्या नावावर नसताना होऊन गेले. उरले ४८, आणि हवेत ४२. आधी अठरा बुडवायची सोय होती, ती सहावर आली. बारा आठवड्यांत एका विषयाचे सहाच तास. एक ताप, एक लग्न आणि ऑडिटचा आठवडा एवढ्यात ते संपतात. काही कॉलेजं हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, काही सत्राच्या पहिल्या दिवसापासून. हा एक प्रश्न फी भरण्याआधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा. तोंडी "तसं काही नसतं" म्हणणारा लिपिक डिसेंबरात खिडकीवर असेलच असं नाही.

"हजेरीची काळजी करू नका" असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. कदाचित कॉलेजातलाच कुणी हळू आवाजात सांगेल. हा सल्ला कित्येक वर्षं चालून गेला, हे आम्ही नाकारत नाही. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने सर्व विधी शिक्षण संस्थांना परिपत्रक काढलं. त्यात बायोमेट्रिक हजेरी, वर्गात कॅमेरे आणि विद्यार्थ्याकडून घोषणापत्र, असं तिन्ही सांगितलं आहे. घोषणापत्रात तुम्ही नोकरी करता का, करत असाल तर मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र आहे का, याच काळात दुसरी नियमित पदवी चालू आहे का, फौजदारी पार्श्वभूमी आहे का, अशी माहिती द्यायची आहे. म्हणजे नोकरी लपवून शिकायचं ठरवलंत तर गैरहजेरीसोबत खोटं घोषणापत्रही पदरात पडतं. आणि वकिलीची सनद (परवाना) मागायला जाल तेव्हा तो कागद फाईलमध्ये असेल.

याला उत्तर म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा निकाल पुढे केला जातो. हजेरी कमी म्हणून विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये, असं तिथे म्हटलं आहे. निकाल महत्त्वाचा आहे आणि आम्हाला पटतोही. पण त्याच्या भरवशावर नागपुरात किंवा ठाण्यात तीन वर्षांची आखणी करू नका. तुमचं विद्यापीठ स्वतःची पत्रकं काढेपर्यंत परीक्षा अर्जावरची प्राचार्यांची सही हीच खरी अट राहते. आणि अडवलं तरी उच्च न्यायालयात जायला वेळ आणि पैसा लागतो. नोकरदाराकडे त्यातलं पहिलं नसतं.

आता ना-हरकत प्रमाणपत्राकडे येऊ. सरकारी कर्मचाऱ्याने ते कार्यालयप्रमुखामार्फत, योग्य मार्गानेच मागायचं. ते मिळतं, पण बऱ्याचदा दोन अटींसह: कार्यालयीन वेळेत वर्गाला जाता येणार नाही, आणि अभ्यासासाठी रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. खुशीत तो कागद कॉलेजला दिला जातो. कॉलेजच्या वेळापत्रकात सकाळी दहा ते बारा या वेळेत तास आहेत आणि तुमच्या ना-हरकतीत पावणेदहानंतर वर्गाला मनाई. एकाच फाईलमध्ये एकमेकांना खोटं पाडणारे दोन कागद तुम्ही स्वतःच लावलेत. पुढे पदोन्नतीसाठी किंवा विभागातल्या विधी अधिकाऱ्याच्या पदासाठी हीच पदवी दाखवायची वेळ येते. तेव्हा एखादा नाराज सहकारी माहिती अधिकारात दोन्हीकडची हजेरी मागवतो आणि तारखा शेजारी-शेजारी ठेवतो. आजवर कुणी विचारलं नाही, याचा अर्थ पुढे विचारणार नाही असा होत नाही.

म्हणून ना-हरकतीत वेळ लिहून घ्या. खासगी नोकरीत हे सोपं असतं, फक्त मागावं लागतं. "अमुक यांना अमुक विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या एलएलबी अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यास हरकत नाही. सोमवार ते शुक्रवार त्यांच्या कामाची वेळ दुपारी १२.३० ते रात्री ९ अशी राहील." दोन वाक्यं, लेटरहेड, शिक्का, तारीख. एचआरने दुसरं वाक्य लिहायला नकार दिला तर तो नकारही माहितीच आहे. साहेबांच्या तोंडी होकारावर जाऊ नका. साहेबांची बदली होते. नवे साहेब पहिल्या आठवड्यात उशिरा येणाऱ्यांची यादी मागवतात आणि तुमचं नाव त्यात सगळ्यात वर असतं.

राजीनामा देऊन पूर्णवेळ शिकावं का, हे ज्याने-त्याने घरचं बघून ठरवावं. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: प्रतीक्षा यादीच्या जोरावर राजीनामा देऊ नका. प्रवेश पोर्टलवर दिसल्याशिवाय नोटीस देऊ नका. आणि नोटीस दिल्यावरही सुटका लगेच नाही. नव्वद दिवसांची नोटीस म्हणजे तेरा आठवडे, आणि सत्र पंधराचं. पहिलं सत्र तुम्ही नोकरीतच काढणार आहात, तेही उशिरा येऊन. नोटीस विकत घेता येते का, त्याचा पगार किती कापतील आणि प्रशिक्षणाचा बाँड आहे का, हे नेमणूकपत्रात आजच वाचून ठेवा.

वर्गाबाहेरचे तासही धरा. तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एका वर्षात धरत नाहीत. म्हणजे दरवर्षी साधारण चार आठवडे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते, ती बहुतेक इथेच जाईल. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली येणाऱ्याला वीस दिवस कामामागे एक अर्जित रजा, म्हणजे वर्षाला बारा-पंधरा दिवस. तेवढ्यात चार आठवडे बसत नाहीत, बिनपगारी रजेची तरतूद धरावी लागते. शिवाय मूट कोर्टच्या पेपरात तीन मूट, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या नोंदी, आणि वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराच्या दोन मुलाखती ऐकून लिहिलेली डायरी, असं सगळं असतं. कोर्ट अकरा ते साडेपाच चालतं, तेही तारीख पडली नाही तर. साक्ष होईल म्हणून अर्धा दिवस रजा टाकून गेलात आणि साक्षीदारच आला नाही, हे इतकं नेहमीचं आहे की एका साक्षीसाठी तीन अर्ध्या रजा धरूनच चाला.

इतकं सोसून हातात काय येणार, हेही आत्ताच बघा. "एलएलबी झालं की संध्याकाळी वकिली करू" असा बेत अनेकांचा असतो. तो चालत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकील पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही. नोकरी चालू असताना सनद मिळत नाही, आणि सनद असताना नोकरी धरली तर सनद स्थगित करून घ्यावी लागते. व्यवसायाच्या बाबतीतही तेच. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकी चालू ठेवून वकिलीची सनद मागितली होती. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. दोन घोड्यांवर बसता येत नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे. न्यायाधीश व्हायचं असेल तर २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी आता तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे शिक्षणाची तीन आणि नोकरी सोडून वकिलीची तीन. वय आज चौतीस असेल तर तो आकडा घरच्यांसमोर बोलून दाखवा, आणि परीक्षेची वयोमर्यादाही त्यासोबत तपासा.

उलट, नोकरीतच राहून पदवीचा उपयोग करायचा असेल, जसं बँकेचा वसुली विभाग, एचआर, विमा, महसूल किंवा कंपनीचे करार, तर सनदेचा प्रश्नच नाही. सीट घेण्यासाठी ते चांगलं कारण आहे. मात्र केवळ कामगार कायदे किंवा करकायदे शिकायचे असतील तर एकदा थांबा. अनेक विधी महाविद्यालयांत कामगार कायद्याची आणि करकायद्याची एक वर्षाची पदविका असते, तिचे वर्ग नोकरदारांना सोयीच्या वेळी होतात. त्याने वकील होता येत नाही, पण काम भागतं. दूरशिक्षणाने एलएलबी देणारं कुणी भेटलं तर नमस्कार करून पुढे जा. बार कौन्सिल ती पदवी मानत नाही.

आता यादी कशी हलते ते. तुमचा नंबर सव्विसावा आणि जागा चार, म्हणून निराश होऊ नका, आणि सातवा आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. एकच उमेदवार पाच कॉलेजांच्या यादीत असतो. त्याने एका ठिकाणी फी भरली की बाकी चार याद्यांतून तो मनाने गेलेला असतो, पण कागदावर राहतो. तो "नाही" म्हणेपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत कॉलेज पुढे सरकत नाही. त्यामुळे यादी आठवडाभर हलत नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत एकदम पळते. त्या दोन दिवसांत अनोळखी नंबर उचला. फॉर्ममध्ये दिलेलं सिम ड्युअल फोनमध्ये दुसऱ्या खोबणीत बंद पडलेलं नाही ना, ते बघा. ईमेलचा स्पॅम फोल्डर सकाळ-संध्याकाळ उघडा. कॉलेजला तीनच प्रश्न विचारा: कोणत्या प्रकारच्या जागेची ही यादी आहे, जागा किती, आणि माझ्याआधी अजून न कळवलेले किती. पहिला प्रश्न महत्त्वाचा. कॅपमधून रिकामी राहिलेली जागा आणि संस्थेच्या कोट्यातली जागा यांत फीचा फरक पडू शकतो, आणि शिष्यवृत्ती, फी-सवलत साधारणपणे कॅपमार्फत झालेल्या प्रवेशालाच मिळते. नोकरदाराचं स्वतःचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं तर तीही नाही.

पैशाबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यातून प्रक्रिया खर्च फार तर पाच टक्के आणि तोही कमाल ५,००० रुपये. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ५० टक्के आणि तीस दिवसांनंतर काही नाही. प्रतीक्षा यादीवाला येतोच अंतिम तारखेच्या तोंडावर. पहिली पायरी त्याच्यासाठी कधीच संपलेली असते. वर्गात आठ दिवस बसून "झेपत नाही" असं कळेपर्यंत तो ऐंशीच्या पायरीवर असतो, आणि रजेत-कामात आणखी आठ दिवस गेले की पन्नासच्या. फी पन्नास हजार असेल तर त्या आठ दिवसांची किंमत पंधरा हजार. २०२४-२५ साठी आयोगाने वेगळी मुदत दिली होती: ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त हजार रुपये कापून. यंदाचं परिपत्रक काय आहे ते फी भरण्याआधी डाउनलोड करा आणि शेवटच्या दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा. पहिल्या तारखेच्या दोन दिवस आधी बसून ठरवा: राहायचं की निघायचं.

कागदपत्रांत सहसा तीन ठिकाणी अडतं. पदवी परराज्यातली किंवा दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि ते दोन दिवसांत येत नाही. यादीत नाव लागलं त्याच दिवशी अर्ज टाका, सीट नाही मिळाली तर फार तर थोडी फी वाया जाईल. दुसरं, पदवीनंतरच्या खंडाचं शपथपत्र. नोकरीची वर्षं असतात म्हणून लोक ते लागत नाही असं धरतात. पदवी आणि आजचा दिवस यांच्या मधलं प्रत्येक वर्ष त्यात यावं लागतं, अनुभवपत्र वेगळं जोडा. तिसरं, नॉन-क्रीमी लेयर. त्याची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, मुदत संपलेलं दाखवून चालत नाही. मूळ कागद दाखवून परत घ्यायचे असतात, ते ठेवून घेण्याचा आग्रह संस्थेने धरू नये असं त्याच २०१८ च्या अधिसूचनेत लिहिलं आहे. तरीही ठेवून घेतलेच तर यादी करून पोच घ्या. तुमच्या नोकरीतल्या पडताळणीसाठी तेच कागद कधीही मागितले जातात.

फी ऑनलाइन भरताना यूपीआयला एका दिवसाची मर्यादा असते, नेट बँकिंगमध्ये नवीन खातं जोडल्यावर काही तास मोठी रक्कम पाठवता येत नाही. हे चार वाजताच्या मुदतीला साडेतीनला कळतं. कॉलेजचं खातं आदल्या दिवशी जोडून एक रुपया पाठवून बघा. आणि पैसे भरून घरी जाऊ नका. कॉलेजने तुमचा प्रवेश सीईटी कक्षाच्या (राज्याची प्रवेश परीक्षा आणि कॅप चालवणाऱ्या कार्यालयाच्या) पोर्टलवर चढवला का, ते तिथेच उभं राहून बघा आणि संगणकाने काढलेली पावती घ्या. कॉलेजची हाताने लिहिलेली पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा. प्रवेशाला पुढे प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि मुदतीत पोर्टलवर नसलेल्या नावाला ती मिळवताना सहा महिने खेटे घालावे लागतात. हे काम लिपिकाचं आहे, पण वर्ष जातं ते तुमचं.

इतकं वाचून सीट नको असं वाटलं, तर तोही नीट घेतलेला निर्णय आहे. तीन वर्षांच्या एलएलबीला आज प्रवेशासाठी वयाची कमाल अट लावली जात नाही. सीईटी दरवर्षी होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मध्ये मिळालेल्या वर्षात दुपारची पाळी मागून घेता येते, घराजवळच्या शाखेत बदली मागता येते, अर्जित रजा साठवता येते. पुढच्या वर्षी पसंतीक्रम भरताना मात्र नावाला भुलू नका. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस वरच्या क्रमांकावर असायला काहीच हरकत नाही, पण नोकरी टिकवून शिकायचं असेल तर ऑफिसच्या वाटेवर असलेलं सकाळच्या सत्राचं साधं कॉलेज खरोखर उपयोगी पडतं. डोंबिवलीत घर आणि फोर्टात ऑफिस असेल तर कॉलेज कल्याणला घेऊ नका. उलट दिशेला पंधरा मिनिटं जाऊन परत यायचं, म्हणजे दिवसाचा तास गेला आणि वर कल्याणहून सुटणाऱ्या गर्दीत उभं राहायचं.

आणि नाही म्हणायचं ठरलं तर त्याच दिवशी कळवा. फोन न उचलणं म्हणजे नकार नव्हे, तुमच्या मागचा माणूस मुदत संपेपर्यंत अडकून राहतो, आणि बऱ्याचदा तोही तुमच्यासारखाच कुठल्यातरी शाखेत काउंटरवर असतो. ईमेलला दोन ओळी पुरतात: अर्ज क्रमांक, प्रतीक्षा यादीतला क्रमांक, "मला ही जागा नको आहे, कृपया पुढील उमेदवाराला बोलवावे", तारीख. दुसऱ्या कॉलेजांच्या याद्यांतही नाव असेल तर तिथेही हेच पाठवा.

आपले,
प्रवेशाच्या हंगामात अर्ज तपासून देणारे आम्ही काही जण